अकरा क्लब, एक लेफ्ट-बॅक

मागच्या अंकात इंग्लिश फुटबॉल प्रशिक्षक ग्रॅहम पॉटरबद्दल मी थोडं लिहिलं होतं, ते प्रशिक्षक पॉटरबद्दल. पत्रं मात्र आली लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळलेल्या पॉटरबद्दल, आणि इंग्लंडमधल्या त्या सगळ्या बचावपटूंबद्दल जे दर एक-दोन वर्षांनी क्लब बदलत कारकीर्द पूर्ण करतात. मला मनापासून आनंद झाला. मी स्वतः सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळलोय, त्यामुळे गोल करणाऱ्यापेक्षा गोल अडवणाऱ्याकडे माझी नजर आधी जाते. म्हणून या वेळचं सगळं सदर याच मंडळींसाठी.

प्रश्न : पॉटर 13 वर्षांत 11 क्लबांकडून खेळला, असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे खेळाडू म्हणून तो कुणालाच नको होता, असंच ना?

नाही, आणि हे जरा सविस्तर सांगतो, कारण हाच समज सगळ्यात जास्त पसरलेला आहे.

आधी त्याचा प्रवास बघा. 1992 मध्ये बर्मिंगहॅम सिटीकडून सुरुवात. तिथून वायकम वाँडरर्सकडे लोनवर, म्हणजे करार आपल्याच क्लबशी ठेवून तात्पुरता दुसऱ्याकडून खेळायला. मग स्टोक सिटीत तीन मोसम. 1996 मध्ये साउदॅम्प्टन, म्हणजे थेट प्रीमियर लीग. 1997 मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन, आणि तिथे असतानाच नॉर्थहॅम्प्टन आणि रेडिंग इथे लोनवर. 2000 मध्ये यॉर्क सिटी, 2003 मध्ये बोस्टन युनायटेड, मध्येच श्रूजबरीला लोनवर, आणि शेवटी मॅकल्सफील्ड. 2005 मध्ये तिशीतच त्याने बूट काढून ठेवले.

या यादीतले लोनवरचे क्लब आधी बाजूला काढा. लोनवर जाणं म्हणजे हकालपट्टी असं आपण धरून चालतो. पण 2016 पर्यंत इंग्लंडच्या खालच्या लीगांमध्ये तातडीच्या लोनची सोय होती. एखाद्या क्लबचा लेफ्ट-बॅक जायबंदी झाला की मॅनेजर फोन उचलायचा आणि एखाद्या महिन्यापुरता दुसऱ्या क्लबचा लेफ्ट-बॅक मागून घ्यायचा. शनिवारच्या सामन्याला गुरुवारी हजर व्हायचं, सहकाऱ्यांची नावंही नीट माहीत नाहीत, आणि पहिल्याच कॉर्नरला कुणी कुणाला मार्क करायचं हे ठरवायचं. अशा वेळी मॅनेजर नवशिक्याला बोलावत नाही. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबता येईल त्यालाच बोलावतो.

उरलेले बदल बहुतेक वेळा मॅनेजर बदलल्यामुळे होतात. फुल-बॅकचं, म्हणजे कडेच्या बचावपटूचं नशीब तर संघाच्या रचनेला बांधलेलं असतं. नवा मॅनेजर आला आणि त्याने मागे चारऐवजी तीन बचावपटू ठेवले, तर कालपर्यंत पहिल्या पसंतीचा असलेला लेफ्ट-बॅक आज बाकावर. त्याच्या खेळात काडीचाही फरक पडलेला नसतो.

मग पैशांचं गणित. 2002 मध्ये आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी बुडाली. तिने फुटबॉल लीगशी, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन स्तरांशी, 31.5 कोटी पौंडांचा करार केला होता आणि क्लबांनी त्या पैशाच्या भरवशावर पगार ठरवले होते. पैसा थांबला आणि त्या उन्हाळ्यात शेकडो खेळाडूंना करार नाकारले गेले. पॉटर तेव्हा यॉर्कमध्ये होता, आणि यॉर्क सिटीचा कारभार डिसेंबर 2002 मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला. आता सांगा, पुढच्या वर्षी तो बोस्टनला गेला, याचा दोष त्याच्या डाव्या पायाला द्यायचा?

मी तरी ती यादी वेगळ्या पद्धतीने वाचतो. अकरा वेळा कुणीतरी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला संघात घ्यायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये वरच्या चार स्तरांवर मिळून 92 क्लब आहेत, आणि प्रत्येकाच्या दाराशी पंचवीस वर्षांखालचे, कमी पगारात खेळायला तयार असलेले खेळाडू उभे असतात. त्या गर्दीत 13 वर्षं टिकून तीनशेहून जास्त सामने खेळणाऱ्याला मी नको असलेला खेळाडू म्हणणार नाही.

आणि एक गोष्ट त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. 26 ऑक्टोबर 1996 ला साउदॅम्प्टनने आपल्या जुन्या डेल मैदानावर अॅलेक्स फर्ग्युसनच्या मँचेस्टर युनायटेडला 6-3 ने हरवलं. प्रीमियर लीगमध्ये पॉटर अवघे आठ सामने खेळला. हा त्यांतला एक.

प्रश्न : करार संपल्यावर या खेळाडूंचं नेमकं काय होतं? दुसरा क्लब कसा मिळतो?

करार साधारणपणे 30 जूनला संपतात. त्याआधी, मोसम आटोपला की मे महिन्यात क्लब यादी जाहीर करतो : कुणाला ठेवलं, कुणाला नवा करार देऊ केला, कुणाला सोडलं. शेवटच्या गटात नाव असलेल्या तिशीतल्या सेंटर-बॅकच्या घरी त्या दिवशी काय वातावरण असेल, याची कल्पना करा. मुलांची शाळा, घराचा हप्ता, आणि पुढचा पगार कोणत्या गावातून येणार याचा पत्ता नाही.

1995 च्या बॉसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू कुठेही फुकटात जाऊ शकतो. मोठ्या खेळाडूंना त्याचा प्रचंड फायदा झाला, कारण बदलीची रक्कम वाचल्याने त्यांचा पगार वाढला. खालच्या लीगमधल्या बचावपटूला मिळालं ते स्वातंत्र्य दुधारी आहे. तो मोकळा आहे, पण त्याच्यासारखे आणखी शेकडो त्याच दिवशी मोकळे झालेले असतात. तरीही मी त्या निकालाच्या बाजूने आहे. 1963 मध्ये जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसलविरुद्धचा खटला जिंकेपर्यंत तर करार संपल्यावरही क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत असे, आणि 1961 पर्यंत आठवड्याला 20 पौंडांच्या वर पगार देण्यावरच बंदी होती. त्या काळाबद्दल हळहळणारे लोक भेटले की मला राग येतो.

जुलैत सराव सुरू होतो आणि मैत्रीपूर्ण सामने खेळले जातात. त्या सामन्यांची संघयादी कधी मिळाली तर जरूर बघा. अकरा नावांत एखाद्या ठिकाणी नावच नसतं. तिथे फक्त ‘ट्रायलिस्ट’ लिहिलेलं असतं. दोन असले तर ‘ट्रायलिस्ट ए’ आणि ‘ट्रायलिस्ट बी’. क्लबला वाटतं, नाव फोडलं तर दुसरा कुणी त्याला पळवेल. कधी खेळाडूलाच वाटतं की नकार मिळाला तर तो चारचौघांत नको. कारकिर्दीत दोनशे सामने खेळलेला माणूस, पाठीवर नाव नसलेली जर्सी घालून, विशीतल्या पोरांसोबत पंचेचाळीस मिनिटं धावतो आणि मध्यंतरानंतर अंगावर जॅकेट चढवून बाकावर बसून मॅनेजरच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. फुटबॉलमधलं धैर्य म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी त्या जर्सीकडे बोट दाखवेन.

प्रश्न : एवढी वर्षं बघताय, तर बचावपटूची एखादी कामगिरी सांगा जी गोलइतकीच लक्षात राहिली.

9 फेब्रुवारी 2014. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध फुलहॅम. मॅनेजर डेव्हिड मॉइसची युनायटेड तेव्हा एकच गोष्ट करत होती : चेंडू बाजूला द्यायचा आणि तिथून गोलसमोरच्या पेटीत उंच चेंडू, म्हणजे क्रॉस टाकायचा. त्या दिवशी त्यांनी 80 हून जास्त क्रॉस टाकले. फुलहॅम तळाशी होतं आणि त्यांच्या बचावाच्या मधोमध 21 वर्षांचा, दोन मीटर उंचीचा एक सडपातळ मुलगा उभा होता, डॅन बर्न.

तो सामना मी पाहिला तेव्हा थोड्या वेळाने चेंडूकडे बघणंच सोडून दिलं आणि नुसता बर्नकडे बघत राहिलो. क्रॉस येण्याआधीच तो अर्धं पाऊल मागे घ्यायचा, म्हणजे उडी पुढे जाताना मारता येईल. हात किंचित पसरलेले, पण कुणाला ढकलणारे नाहीत. हेडर नेहमी बाजूला, कधीही मधोमध नाही. आणि चेंडू गेल्याबरोबर पुढे पळत बचावपटूंची लाइन वर न्यायची, शेजारच्याला ओरडून सोबत घ्यायचं, की दहा सेकंदांत पुढचा क्रॉस हजर. युनायटेडने शेवटच्या टप्प्यात दोन मिनिटांच्या अंतराने दोन गोल केलेच, पण भरपाईच्या वेळेत फुलहॅमच्या डॅरेन बेंटने बरोबरी साधली, 2-2. दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा मॉइसच्या क्रॉसची होती. ते क्रॉस परतवणाऱ्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

बर्नचा त्याआधीचा आणि नंतरचा प्रवास या सदरात शोभून दिसणारा आहे. ब्लाइथ हे त्याचं गाव. न्यूकॅसल युनायटेड हा त्याचा लहानपणापासूनचा क्लब, आणि त्याच क्लबने त्याला अकराव्या वर्षी अकादमीतून काढलं. शाळकरी वयात कुंपणावर अडकून उजव्या हाताचं एक बोट गेलं. पुढे सुपरमार्केटच्या आवारात ट्रॉल्या गोळा करण्याचं काम केलं. ब्लाइथ स्पार्टन्स, मग डार्लिंग्टन, तिथून फुलहॅम. लोनवर योविल, जिथे मे 2013 मध्ये वेम्बलीवरच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात त्याने ब्रेंटफर्डविरुद्ध गोल केला आणि तो चिमुकला क्लब इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या स्तरावर पोहोचला. मग लोनवर बर्मिंगहॅम. 2016 मध्ये फुलहॅमचा करार संपल्यावर विगन, ब्रायटन, आणि जानेवारी 2022 मध्ये पुन्हा न्यूकॅसल.

16 मार्च 2025, वेम्बली, लीग कपचा अंतिम सामना, समोर लिव्हरपूल. पहिला हाफ संपत आलेला, 45 वं मिनिट, न्यूकॅसलला कॉर्नर. सगळे उंच खेळाडू गोलजवळ गोळा झाले आणि बर्न मुद्दाम लांब, पेटीच्या मागच्या बाजूला थांबला. त्याच्यावर नजर ठेवायला होता मॅक अॅलिस्टर, त्याच्यापेक्षा वीतभर बुटका. ट्रिपिअरने चेंडू गर्दीवरून बरोबर त्या मोकळ्या जागेत टाकला. बर्न मागे सरकत गेला, उडी मारली आणि तेवढ्या लांबून हेडर गोलरक्षक केलेहरच्या पलीकडच्या कोपऱ्यात घातलं. न्यूकॅसल 2-1 ने जिंकलं. 1955 नंतर देशातल्या मोठ्या स्पर्धेतला त्यांचा हा पहिला चषक. पाच दिवसांनी, 32 व्या वर्षी, तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला.

प्रश्न : इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त सामने खेळलेला असा खेळाडू कोण?

गोलरक्षक सोडले तर टोनी फोर्ड. इंग्लिश लीगमध्ये 931 सामने. 1975 मध्ये सोळाव्या वर्षी ग्रिम्सबीकडून विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा म्हणून सुरुवात, पुढे राइट-बॅक, आणि 2001 मध्ये रॉचडेलमध्ये शेवट. वाटेत स्टोक, वेस्ट ब्रॉम, स्कन्थॉर्प, मॅन्सफील्ड. नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, हे मला खटकतं.

त्याच्याच जोडीला ग्रॅहम अलेक्झांडरचं नाव घेईन. जन्म कोव्हेंट्रीचा, देश म्हणून स्कॉटलंडकडून खेळला. तो फार फिरला नाही. स्कन्थॉर्प, ल्यूटन, प्रेस्टन, बर्नली, मग पुन्हा प्रेस्टन. पण प्रीमियर लीगमधला पहिला सामना तो 2009 मध्ये खेळला तेव्हा 37 वर्षांचा होता. सगळे मिळून हजारावर सामने.

प्रश्न : खालच्या लीगमधले हे साधारण बचावपटू पुढे चांगले मॅनेजर होतात, असं दिसतं. यामागे काही कारण आहे की योगायोग?

‘साधारण’ हा शब्द मी घेणार नाही. बाकी निरीक्षण रास्त आहे. पॉटर, शॉन डाइश, ख्रिस वाइल्डर हे तिघं खालच्या लीगांमधले बचावपटू. वाइल्डरच्या यादीत तर शेफील्ड युनायटेड, रॉदरहॅम, नॉट्स काउंटी, ब्रॅडफर्ड, ब्रायटन, हॅलिफॅक्स आणि लोनवरचे वेगळेच.

मला दिसणारं कारण असं. जो माणूस दहा क्लब फिरला, त्याने निदान पंधरा-वीस मॅनेजरांखाली काम केलेलं असतं. कोण खेळाडूला वगळताना तोंडावर सांगतो आणि कोण सूचनाफलकावर यादी लावून निघून जातो, हे त्याने दुसऱ्या बाजूने सोसलेलं असतं. शिवाय मागे उभ्या असलेल्या माणसाला सगळा खेळ समोर दिसतो. बोलणं हेच त्याचं निम्मं काम.

डाइशचं एक उदाहरण द्यायलाच हवं. नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये तो तयार झाला, पण पहिल्या संघात एकदाही खेळला नाही. 1990 मध्ये चेस्टरफील्डला गेला. तेव्हाच्या तिसऱ्या स्तरावरचं हे चेस्टरफील्ड 1997 मध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत पोहोचलं, डाइश कर्णधार. 13 एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर समोर प्रीमियर लीगमधलं मिडल्सब्रो, रावानेल्ली आणि जुनिन्यो या नावाजलेल्या खेळाडूंसकट. चेस्टरफील्ड एका गोलने पुढे, आणि मग पेनल्टी. ती घ्यायला सेंटर-बॅक डाइश स्वतः गेला आणि त्याने 2-0 केलं. मिडल्सब्रोने एक फेडल्यावर जॉनथन हॉवर्डचा फटका आडव्या खांबाच्या खालच्या बाजूला लागून रेषेच्या आत पडला. पंच डेव्हिड एलेरे यांनी गोल दिला नाही. तो दिला असता तर 3-1. मला आजही वाटतं की तो सामना चेस्टरफील्डने जिंकला होता. पुढे जादा वेळेत 2-3 ने मागे पडल्यावर 119 व्या मिनिटाला जेमी ह्युइटने, चेस्टरफील्डमध्येच जन्मलेल्या राइट-बॅकने, हेडर मारून 3-3 केलं. फेरलढत ते 3-0 ने हरले.

त्यानंतर डाइश ब्रिस्टल सिटी, मिलवॉल, वॉटफर्ड, नॉर्थहॅम्प्टन असा खेळत राहिला. मॅनेजर म्हणून त्याने बर्नलीला दोनदा प्रीमियर लीगमध्ये नेलं आणि 2018 मध्ये सातव्या क्रमांकावर आणून युरोपच्या पात्रता फेरीपर्यंत पोहोचवलं. त्याच्या बर्नलीचा बचाव ज्यांनी पाहिलाय, त्यांना चेस्टरफील्ड वेगळं शोधायला नको.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, सेंटर-बॅक. त्याच्या क्लबच्या अकादमीने त्याला पुढची दोन वर्षांची स्कॉलरशिप नाकारली. आठ वर्षांचा असल्यापासून तो तिथे होता. आता खोलीबाहेर येत नाही. काय सांगावं त्याला?

ताई, तुमचं पत्र मी बराच वेळ समोर ठेवून बसलो होतो. सध्या फार काही सांगू नका. अर्धं बालपण ज्या जागी गेलं ती जागा सुटली आहे, त्याला दुःख करू द्या. ‘जाऊ दे, अभ्यासाला लाग’ हे वाक्य मात्र या महिन्यात घरात कुणीही उच्चारू नये.

मग, तो स्वतः विषय काढेल तेव्हा, त्याला वेस मॉर्गनबद्दल सांगा. नॉटिंगहॅमचा मुलगा, नॉट्स काउंटीने पंधराव्या वर्षी सोडलेला. स्थानिक पातळीवर खेळत राहिला, नॉटिंगहॅम फॉरेस्टने उचलला, आणि 2016 मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली तेव्हा कर्णधार म्हणून मोसमातलं प्रत्येक मिनिट मैदानावर होता. बर्नचं तर वर लिहिलंच आहे. पण हे सांगताना ‘तूही तिथे पोहोचशील’ असं वचन देऊ नका. बहुतेक मुलं पोहोचत नाहीत, आणि तुमच्या मुलाला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. त्याला एवढंच कळू द्या की सोळाव्या वर्षीचा निर्णय सोळा वर्षांच्या शरीरावर घेतलेला असतो. सेंटर-बॅक उशिरा पिकतो. उंची थांबायला, खांदे भरायला आणि मोठ्या माणसाच्या धक्क्यात उभं राहायला वेळ लागतो.

करण्यासारखं काम आहे. तुमच्या परिसरातल्या अर्धव्यावसायिक क्लबांकडे चौकशी करा. त्यांतल्या बऱ्याच क्लबांचे अठरा वर्षांखालचे संघ असतात, आणि काहींत फुटबॉलबरोबर कॉलेजचं शिक्षणही चालतं. जून-जुलैत निवड असते, त्यामुळे फोन आत्ताच करायला हवा. फोन मुलाने केला तर उत्तम, नाही तर तुम्ही करा. अकादमीकडून त्याच्या सामन्यांच्या चित्रफिती आणि प्रशिक्षकाचं लेखी मत मागून घ्या. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. शिक्षण सोडू देऊ नका. पॉटरने खेळत असतानाच मुक्त विद्यापीठातून सामाजिक शास्त्रांची पदवी घ्यायला सुरुवात केली आणि निवृत्तीच्या वर्षी ती पूर्ण केली.

आणि मुलगा तयार असेल तर त्याचा एखादा सामना मला पाठवा. मी पूर्ण बघेन आणि त्यालाच थेट लिहीन.